पाच पेन्स

गल्ल्याला नोटीस चिकटवली शुक्रवारी रात्री, दोन भाषांत.
वरची वेल्श मला वाचता येत नाही,
खालची इंग्रजी वाचावीशी वाटत नव्हती:
उद्यापासून प्रत्येक पिशवीला पाच पेन्स. कायदा आहे.
मालक म्हणाले, वेगळी वही घाल,
ते पैसे कुठल्याशा चांगल्या कामाला जायचेत,
आपल्या डब्यात एकही पेनी मिसळायला नको.

शनिवारी ऊन पडलं.
स्वान्सीत पडतं तसं भिऊन भिऊन नव्हे,
आपल्याकडचं, दसऱ्याच्या आगेमागेचं, डोकं उठवणारं.
टाउनहिलच्या उतारावर माणसं बनियनवर फिरत होती
आणि मी एकेकाला विचारत होते,
पिशवी हवी का? पाच पेन्स पडतील,
जणू मीच घरी बसून काढलाय हा कायदा.

ग्लेनिसबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मंडईत आईने पाहिलं असतं
वर टाकलेल्या कोथिंबिरीचे कुणी पैसे लावले असते तर.
एका पोराने विचारलं, कशाकशाला फुकट आहे?
मी यादी वाचली. कच्चं मांस. मासळी.
उघडी पाती. पाण्यातला जिवंत मासा.
तो म्हणाला, मग मासाच दे.

आणि मग मिस्टर प्रॉसर.
बत्तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात, आता गुडघे गेलेले.
दूध, पाव, बीन्सचे चार डबे, कुत्र्याचं खाणं.
पिशवी?
नको.
पाच पेन्सचा प्रश्न नाही, म्हणाले, आणि तोच प्रश्न होता,
आणि तो नव्हताही.
पाव बगलेत, दूध बोटांत लटकवलेलं,
डबे छातीशी धरून हनुवटीने दाबलेले.
असे निघाले दारातून, कुणाचं तान्हं घेऊन चालल्यासारखे.

चौथा डबा घरंगळला.
टाउनहिलचा उतार कुणाची गय करत नाही.
आम्ही दोघे बघत राहिलो,
तो टणटणत चालला सरळ खाली, समुद्राकडे,
शाळेतून सुटल्यासारखा.

हसू आवरत मी गल्ल्याखालची माझी पिशवी काढली.
बाबांच्या खाकी पँटची. आईने शिवलेली,
गुडघ्याला विरलेलं कापड टाकून, मांडीचं घेऊन,
आणि खिसा तसाच ठेवून, बाहेरच्या अंगाला.
खिसा कशाला, मी विचारलं होतं तेव्हा.
उसवायला वेळ कुणाला आहे, ती म्हणाली होती.
घ्या, मी प्रॉसरना म्हटलं, आणून द्या परत.
किती? त्यांनी विचारलं.
मी वहीकडे बघितलं. या पिशवीला त्यात रकाना नव्हता.

त्यांनी आणून दिली नाही.
पहिल्या आठवड्यात वाट पाहिली, दुसऱ्यात राग आला,
तिसऱ्यात आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, अगं, पिशवी आणि छत्री,
दिली की गेली म्हणावं.
तोवर गिऱ्हाइकं घरून पिशव्या आणू लागली होती,
विसरली की स्वतःच्याच कपाळावर हात मारायची.
ग्लेनिसबाईंकडे तर आता पिशव्यांची एक पिशवी असते,
आमच्या घरी दाराआड लटकलेली असायची तशी.
ते मी त्यांना सांगितलं नाही.

नोव्हेंबरात, नेहमीच्या पावसात,
बसमधून दिसले मला प्रॉसर, थांब्यावर उभे.
खांद्याला माझी पिशवी, कमरेपर्यंत लोंबणारी.
दुसरी बस लवकर येणार नव्हती, वारा समुद्रावरचा,
आणि त्यांचा उजवा हात
गारठ्यापासून लपायला
माझ्या बाबांच्या खिशात होता.

मी उतरले नाही.
वहीत त्या दिवशी सतरा पिशव्या. पंच्याऐंशी पेन्स.